उत्पन्नाची स्थिरता आणि संकरित बियाणे : महाड व पोलादपूर तालुक्यांतील शेतीच्या दृष्टीने

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या आग्नेय भागातील दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरच्या दऱ्याखोऱ्यांतून खाली येते, महाडपाशी गांधारी नदीस मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीकडे जाते. या भागात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारणतः ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भात हे मुख्य पीक होय. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी होतात. शेतकऱ्याची जमीन थोडी, आणि तीही एका जागी नसून दोन-चार ठिकाणी विखुरलेली असते. अशा शेतकऱ्याला बियाण्याच्या दुकानात किंवा गावातील सभेत एक प्रश्न नेहमी पडतो, तो असा की संकरित बियाणे घ्यावे की नाही? आणि घ्यावयाचे, तर ते कोणत्या खाचरात लावावे?

या प्रश्नाचे उत्तर केवळ “अधिक पिकते” एवढ्या शब्दांवर देता येत नाही. चांगल्या वर्षी कणगी भरून टाकणारा वाण वाईट वर्षी घरच्या खाण्यापुरतेही भात देत नसेल, तर लहान शेतकऱ्याला त्याची किंमत कर्जाच्या रूपाने मोजावी लागते. म्हणून उत्पन्न किती आहे याबरोबरच ते निरनिराळ्या परिस्थितीत कितपत टिकते, हेही पाहिले पाहिजे. पीक-पैदासशास्त्रात यालाच उत्पन्नाची स्थिरता म्हणतात. ही स्थिरता म्हणजे काय, पैदासकार ती कशी साधतात, आणि गावातील कार्यकर्ते व शेतकरी यांनी ती आपल्या शेतात कशी पारखावी, याचा विचार या लेखात केला आहे.

एकाच गावातील अनेक परिस्थिती

पिकाच्या दृष्टीने परिस्थिती म्हणजे केवळ जिल्ह्याचे हवामान नव्हे. एका खाचराची माती, खोली, उंची, पाण्याचा निचरा, लावणीची वेळ आणि त्या वर्षीचा पाऊस या सर्वांची मिळून परिस्थिती बनते. या दृष्टीने पाहता महाड-पोलादपूरच्या एकाच गावात चार-पाच निरनिराळ्या परिस्थिती शेजारी शेजारी नांदत असतात.

उतारावर बांध घालून तयार केलेल्या उंच खाचरांत माती उथळ असते. पाऊस सतत आहे तोपर्यंत तेथे पाणी असते. पाऊस थांबला की चार-आठ दिवसांत जमीन भेगाळू लागते. मधल्या पातळीवरील खाचरांत वरच्या खाचरांचे पाणी झिरपत येत असल्याने ओल अधिक काळ टिकते. तळाच्या खोलगट खाचरांत माती खोल व कसदार असते, आणि पाऊस संपल्यावरही ओल राहते. नदीकाठच्या सपाट जमिनी सुपीक खऱ्या. परंतु पूर आला म्हणजे पीक कित्येक दिवस पाण्याखाली राहते. भरतीची वेळ आणि पूर एकत्र आले तर महाडच्या बाजूस पाणी उतरण्यास आणखी विलंब लागतो. जुलै २००५ व जुलै २०२१ या दोन वर्षांच्या महापुरांनी या गोष्टीची कठोर आठवण करून दिलेली आहे.

आपल्या पूर्वजांनी ही विविधता ओळखून भाताच्या जातींचे तीन वर्ग केले होते : हळव्या, निमगरव्या व गरव्या. लवकर तयार होणारे हळवे भात उंच खाचरात, मधल्या मुदतीचे निमगरवे मध्यम खाचरात आणि उशिरा येणारे गरवे खोलगट खाचरात लावावयाचे, ही रीत आजही सर्वमान्य आहे. हळवे भात साधारणतः १२० दिवसांच्या आत, निमगरवे १२० ते १३५ दिवसांत, आणि गरवे त्याहून अधिक दिवसांत तयार होते. उंच खाचरात गरवे भात लावले, तर दाणा भरण्याच्या वेळी ओल संपून लोंब्या पोचट राहतात. उलट खोलगट खाचरात हळवे भात लावले, तर ते पाऊस चालू असतानाच पिकते, लोळते, आणि दाण्यांना मोड येतात. म्हणजे ज्या जातीचा एका खाचरात गुण, तिचाच शेजारच्या खाचरात दोष होतो. जातीचा आणि परिस्थितीचा हा जो परस्परसंबंध आहे, तोच स्थिरतेच्या सर्व विचाराचा पाया होय.

सरासरी पुरेशी नसते

एक साधा हिशोब पाहू. पुढील आकडे प्रत्यक्ष प्रयोगातील नाहीत. मुद्दा समजण्यासाठी ते कल्पिले आहेत. एका गावात अ, ब आणि क असे तीन वाण पाच खाचरांत लावले, आणि दर गुंठ्यास पुढीलप्रमाणे किलो भात मिळाले असे समजा. खाचरांचा क्रम असा : खोलगट कसदार, मध्यम, मध्यम परंतु उशिरा लावणीचे, उंच उताराचे, आणि पुराच्या पाण्याखाली गेलेले.

वाण अ : ६२, ५०, ३८, २६, १४. सरासरी ३८.
वाण ब : ५०, ४४, ३७, ३३, २६. सरासरी ३८.
वाण क : ३५, ३२, ३०, २५, २३. सरासरी २९.
तिन्ही वाणांची मिळून खाचराची सरासरी : ४९, ४२, ३५, २८, २१.

येथे एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. एका हेक्टरात सुमारे ९९ गुंठे असतात. म्हणून दर गुंठ्यास जितके किलो, तितकेच जवळजवळ हेक्टरी क्विंटल होतात. त्यामुळे गुंठ्याच्या वजनावरून हेक्टरी उत्पन्नाचा अंदाज तोंडी सांगता येतो.

आता अ आणि ब यांची सरासरी सारखीच आहे. तेवढ्यावरून दोन्ही वाण सारखे म्हणता येतील काय? नाही. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट खाचरातील उत्पन्नाचे अंतर काढून पाहा. अ वाणाचे अंतर ४८ किलो, ब चे २४ आणि क चे १२ आहे. खुद्द खाचरांच्या सरासरीतील अंतर २८ आहे. प्रत्येक वाणाच्या अंतरास या २८ ने भागले म्हणजे अ साठी सुमारे १·७, ब साठी ०·९ आणि क साठी ०·४ असे आकडे येतात. याचा अर्थ असा की परिस्थिती एका किलोने सुधारली तर अ वाण १·७ किलोने वाढतो, आणि एका किलोने बिघडली तर तितकाच कोसळतो. ब वाण परिस्थितीबरोबर बेताने चढतो-उतरतो. क वाण फारसा हलत नाही.

पैदासशास्त्रातील मोजमापाची पद्धत मुळात हीच आहे. १९६३ साली फिन्ले व विल्किन्सन या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात जवाच्या अनेक जाती निरनिराळ्या ठिकाणी व वर्षी लावून, प्रत्येक जातीचे उत्पन्न त्या त्या ठिकाणच्या सरासरीशी ताडून पाहिले. १९६६ साली अमेरिकेतील एबरहार्ट व रसेल यांनी मक्याच्या संकरांचा विचार करताना त्यात आणखी एका कसोटीची भर घातली. त्यांच्या मते चांगल्या वाणाच्या तीन कसोट्या होत : सरासरी उत्पन्न अधिक असावे, परिस्थितीस दिलेला प्रतिसाद साधारणतः एक या आकड्याजवळ असावा, आणि वाण या ठरलेल्या चालीपासून मधूनच भलतीकडे ढळू नये. तिसरी कसोटी महत्त्वाची आहे. एखादा वाण सर्वत्र चांगला असून एकाच ठिकाणी अवचित बुडत असेल, तर तेथे एखादा रोग किंवा अन्य दोष दडलेला आहे असे समजावे.

स्थिरतेविषयी एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. वरील उदाहरणात सर्वांत कमी हलणारा वाण क आहे. पण तो सर्वांत चांगला नाही. मध्यम खाचरापासून पुराच्या खाचरापर्यंत सर्वत्र तो ब पेक्षा कमीच पिकतो. नेहमीच थोडे देणाऱ्या वाणाची स्थिरता शेतकऱ्याच्या कामाची नाही. चांगल्या खाचरात पुरेसे आणि वाईट खाचरात इतरांहून अधिक देणारी स्थिरता हवी.

मक्याच्या पैदाशीने शिकविलेले धडे

संकरित बियाण्याचे शास्त्र प्रथम मक्यावर उभे राहिले. मक्याच्या ताटास शेंड्यावर तुरा असतो व खाली कणीस असते. तुऱ्यातील पराग वाऱ्याने उडून दुसऱ्या ताटांच्या कणसांवर पडतो. म्हणून मक्याचे सामान्य बियाणे स्वभावतःच मिश्र असते. पैदासकार कणीस व तुरा कागदी पिशव्यांनी झाकून एका ताटाचा पराग त्याच ताटाच्या कणसावर टाकतात. सहा-सात पिढ्या असे केल्यावर ताटे खुजी व अशक्त होतात, परंतु गुणांनी अगदी एकसारखी होतात. यांना शुद्ध वंश म्हणतात. दोन योग्य शुद्ध वंशांचा संकर केला म्हणजे पहिल्या पिढीत विलक्षण जोम येतो. हा संकरजोम होय. अमेरिकेत शल यांनी १९०८ च्या सुमारास हे तत्त्व मांडले.

परंतु अशक्त वंशावर बियाणे थोडे येई व ते महाग पडे. त्यावर जोन्स यांनी १९१८ च्या सुमारास तोड काढली. दोन एकेरी संकर तयार करून त्यांचा पुन्हा परस्परांशी संकर करावयाचा. हा दुहेरी संकर होय. त्यामुळे बियाणे स्वस्त झाले व संकरित मका शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला.

भारतात १९५७ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने मक्याची अखिल भारतीय समन्वित योजना सुरू झाली. एका केंद्रात वाण तयार करून तो देशभर पाठवावयाचा, ही जुनी रीत सोडून एकच वाण अनेक केंद्रांत एकाच वेळी पारखावयाचा, हे या योजनेचे मुख्य सूत्र होते. त्यातून १९६१ साली गंगा-१, गंगा-१०१, रणजित व डेक्कन हे दुहेरी संकर प्रसारित झाले. पुढे १९६७ साली विजय, किसान, जवाहर इत्यादी संमिश्र वाण आले. संमिश्र वाणात अनेक चांगल्या वंशांचे मिश्रण असल्यामुळे शेतकऱ्यास काही वर्षे घरचे बियाणे वापरता येते.

या कामात असे दिसून आले की पिकाची स्थिरता दोन वाटांनी येते. पहिली वाट ताटाच्या स्वतःच्या सोशिकपणाची. संकरजोमाचे ताट शुद्ध वंशापेक्षा ओढ, उष्मा किंवा खताची उणीव अधिक सोसते. दुसरी वाट समूहाच्या सोशिकपणाची. दुहेरी संकरात किंवा संमिश्र वाणात सर्व ताटे तंतोतंत सारखी नसतात. एखादे संकट काहींना बाधते व काही त्यातून निभावतात, म्हणून शेत सर्वस्वी बुडत नाही. एकेरी संकरात दुसरी वाट बंद असते, कारण सर्व ताटे एकाच साच्यातील असतात.

असे असूनही आज जगात व आपल्या देशातही बहुतांश संकरित मका एकेरी संकराचाच आहे. याचे कारण असे की शुद्ध वंश सुधारत गेले, आणि अनेक ठिकाणी पारखून निवडलेले काही एकेरी संकर दुहेरी संकरांइतकेच स्थिर असल्याचे आढळले. अमेरिकेत जुने व नवे संकर एकाच शेतात लावून तुलना केली असता, नवे संकर दाट लागवड व अवर्षण यांस अधिक तोंड देतात असेही दिसून आले आहे. तात्पर्य, केवळ संकर केल्याने स्थिरता आपोआप येत नाही. चांगल्या व वाईट अशा अनेक परिस्थितींत पारख करून, नापास झालेले वाण निर्दयपणे टाकून दिल्यानेच ती येते.

एकसारखेपणाचा धोका

या शास्त्राने एक कडू धडाही दिलेला आहे. बियाणे तयार करताना मातृओळींचे तुरे हाताने खुडावे लागतात. हे श्रम वाचावेत म्हणून अमेरिकेत नरवंध्य मातृवंश वापरात आला. बहुतेक कंपन्यांनी एकाच मूळच्या वंध्यत्वाचा उपयोग केला. १९७० साली पानांवरील करप्याच्या बुरशीचा एक नवा प्रकार नेमका या वंध्यत्वाच्या मक्यावर तुटून पडला, आणि त्या देशाच्या मक्याच्या पिकापैकी सुमारे १५ टक्के पीक एका हंगामात नष्ट झाले. नावे निराळी, पिशव्या निराळ्या. परंतु आत वंश एकच होता.

आपल्या राज्यातील बाजरीनेही हाच अनुभव दिला. १९६५ साली एचबी-१ हा संकर आला व त्यामागून त्याच मालिकेतील इतर संकर आले. त्यांची मातृओळ एकच होती. १९७० नंतरच्या काही वर्षांत केवडा, म्हणजेच गोसावी रोगाने या संकरांचे मोठे नुकसान केले. पुढे निराळ्या मातृओळी व रोगप्रतिकारक वाण आल्यावरच संकरित बाजरी सावरली. म्हणून ज्या गावात सर्व खाचरांत एकच वाण उभा आहे, त्या गावाने एकाच दोरावर सारा भार टांगला आहे असे समजावे.

भाताचे संकर व कर्जतचे कार्य

भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे भाताचा संकर मोठ्या प्रमाणावर करणे फार काळ अशक्य मानले जाई. चीनमध्ये युआन लाँगपिंग व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७० साली हैनान बेटावर नरवंध्य रानभात सापडले, आणि त्याच्या आधारे १९७६ च्या सुमारास संकरित भात शेतकऱ्यांच्या शेतात गेले. भारतात १९८९ साली या कामास संघटित स्वरूप मिळाले व १९९४ साली पहिले संकर प्रसारित झाले.

आपल्या रायगड जिल्ह्यातील कर्जतच्या संशोधन केंद्राने या कामात मोलाचा वाटा उचलला आहे. हे केंद्र १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाच्या अखत्यारीत येते; विद्यापीठास आज डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव आहे. कर्जत येथे तयार झालेला सह्याद्री हा संकर १९९८ साली प्रसारित झाला व त्यानंतर सह्याद्री मालिकेतील आणखी संकर आले. याबरोबरच कर्जत-३ व रत्नागिरी-२४ यांसारखे हळवे, पालघर-१ व जया यांसारखे निमगरवे, आणि कर्जत-२ व रत्नागिरी-२ यांसारखे गरवे सुधारित वाणही कोकणात परिचित आहेत. या सुधारित वाणांचे बियाणे शुद्ध ठेवल्यास काही वर्षे घरचे चालते. संकराचे चालत नाही.

पुराच्या जमिनींसाठी आणखी एक दिशा उपयुक्त ठरली आहे. ओरिसातील एका जुन्या स्थानिक जातीत बुडीत सोसण्याचा गुण होता. तो गुण स्वर्णा या प्रसिद्ध जातीत उतरवून स्वर्णा-सब-१ ही जात तयार झाली व २००९ साली भारतात प्रसारित झाली. तिची रोपे सुमारे दोन आठवड्यांपर्यंत पूर्ण पाण्याखाली राहूनही पुन्हा सावरू शकतात. ही जात गरवी आहे. तेव्हा नदीकाठच्या ज्या खाचरांत ओल उशिरापर्यंत टिकते, तेथेच ती प्रथम थोड्या क्षेत्रावर लावून पाहावी. जुनी स्थानिक जात निरुपयोगी म्हणून फेकून दिली असती, तर हा गुणही तिच्याबरोबर गेला असता, हे ध्यानात घ्यावे.

खाचरांप्रमाणे वाणांची वाटणी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वरील हिशोबातील अ हा वाण टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. एखाद्या शेतकऱ्याची दोनच खाचरे आहेत असे समजा : एक गुंठा खोलगट कसदार व एक गुंठा पुराच्या काठचे. दोन्हीत अ लावला तर ६२ व १४ मिळून ७६ किलो होतात. दोन्हीत ब लावला तर ५० व २६ मिळून तेवढेच ७६ किलो होतात. परंतु खोलगट खाचरात अ आणि काठच्या खाचरात ब लावला, तर ६२ व २६ मिळून ८८ किलो होतात. ना अधिक खत, ना अधिक मजुरी. केवळ योग्य वाटणीने बारा किलो भात वाढले.

हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. हळवे, निमगरवे व गरवे ही आपली जुनी वाटणी म्हणजे समूहाच्या सोशिकपणाचीच गावठी योजना होय. पैदासकार जो सोशिकपणा एका पिशवीतील बियाण्यात आणू पाहतात, तो शेतकऱ्याने आपल्या खाचरांच्या मांडणीत पूर्वीच आणलेला आहे. संकरित वाणाने या मांडणीत आपली योग्य जागा घ्यावी. सारी मांडणी मोडून तिची जागा घेऊ नये.

त्यानुसार सर्वसाधारण धोरण असे असावे. जेथे माती खोल आहे, पाणी हाती आहे, निचरा होतो आणि खत वेळेवर देणे शक्य आहे, तेथे अधिक प्रतिसाद देणारा संकर लावावा. उंच उथळ खाचरात मुदतीत येणारा व ओढ सोसणारा हळवा वाण ठेवावा. पुराच्या काठी सोशिक वाण लावावा व त्याची थोडी रोपे राबात राखून ठेवावीत, म्हणजे पाणी ओसरल्यावर तूट भरून काढता येते. कोणत्याही एका वाणाखाली आपली सर्व खाचरे कधीही आणू नयेत. भातानंतर विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी असेल, तर रब्बीत मक्याचा विचार अवश्य करावा. मात्र मका साचलेले पाणी सोसत नाही, म्हणून निचऱ्याची जमीनच त्यास द्यावी.

गावात चाचणी कशी घ्यावी

दूरच्या केंद्रातील शिफारस ही वाण निवडण्याची पहिली पायरी होय. शेवटची पारख आपल्या मातीतच करावी लागते. त्यासाठी पुढील पद्धत सोपी व विश्वसनीय आहे.

१. गावात पाच खाचरे निवडावीत. रस्त्यालगतची उत्तम खाचरेच घेण्याचा मोह टाळावा. गावात जशा जमिनी आहेत तशीच खाचरे घ्यावीत. त्यांत वाईटही असावीत.

२. एकाच मुदतीच्या वर्गातील तीन वाण घ्यावेत. त्यांपैकी एक, गावात आज सर्वांत जास्त लावला जाणारा वाण, तुलनेसाठी असावा. हळव्याची गरव्याशी तुलना करू नये.

३. प्रत्येक खाचराचे तीन सारखे पट्टे करून कोणत्या पट्ट्यात कोणता वाण हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. रोपांचे वय, लावणीचा दिवस, खत व निंदणी तिन्ही पट्ट्यांत सारखी ठेवावी.

४. लावणीचा दिनांक, किती दिवस पीक बुडाले, किती दिवस पाऊस नव्हता, करपा किंवा कडाकरपा दिसला काय, पीक लोळले काय, या गोष्टी वहीत त्या त्या दिवशी लिहाव्यात.

५. कापणीच्या वेळी बांधालगतच्या दोन ओळी सोडून मधला १० मीटर लांब व १० मीटर रुंद चौकोन कापावा. हा जवळजवळ एक गुंठा होतो. खाचर लहान असेल, तर ५ मीटरचा चौकोन कापून वजनाची चौपट करावी. झोडणी करून, भात चांगले वाळवून मगच वजन घ्यावे. पेंढ्याचेही वजन करावे, कारण ज्याच्या गोठ्यात गुरे आहेत त्यास पेंढाही उत्पन्नच आहे.

६. पुरात किंवा ओढीत गेलेला पट्टा हिशोबातून वगळू नये. वाईट खाचराचा आकडा खोडला की स्थिरतेची परीक्षाच खोडली जाते. मात्र गुरांनी एखादा पट्टा खाल्ला, तर त्या खाचरातील तिन्ही पट्टे सोडून द्यावेत.

७. सर्व आकडे वर दाखविल्याप्रमाणे उत्तम खाचरापासून वाईट खाचरापर्यंत ओळीने मांडावेत आणि अंतर काढावे. एका वर्षावरून निर्णय करू नये. पाऊस दरवर्षी निराळा असतो. निदान तीन हंगाम पाहावे.

हे आकडे ग्रामसभेत फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवावेत. बियाणे निवडणे, राखणे व लावणी करणे या कामांत शेतकरी भगिनींचा हात मोठा असतो. त्यांना या चर्चेत आवर्जून बोलवावे. कोणते भात शिजवल्यावर चवीला उतरते आणि कोणते झोडताना अधिक गळते, हे त्यांच्याकडूनच कळते.

संकरित बियाणे घेताना

संकराचे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. घरच्या पिकाचे राखून लावले, तर दुसऱ्या पिढीत संकरजोमाचा सुमारे अर्धा भाग नाहीसा होतो, आणि रोपे उंचीत व मुदतीत विषम निघतात. काही लोंब्या पिकलेल्या व काही हिरव्या, अशा शेताची कापणी कशी करावी? म्हणून हा खर्च आधीच हिशोबात धरावा. बियाण्याच्या पिशवीची किंमत किती किलो भाताइतकी होते ते काढावे. आपल्या त्या खाचरात संकर तुलनेच्या वाणापेक्षा निदान तितके किलो अधिक देत नसेल, तर तो तेथे परवडत नाही. संकरित भाताचे बियाणे हेक्टरी सुमारे २० किलो पुरते. राबात ते विरळ पेरून, प्रत्येक चुडात एक-दोनच जोमदार रोपे लावावीत. पावती व पिशवीवरील खूणचिठ्ठी कापणी होईपर्यंत जपून ठेवावी.

सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस कसा पडेल हे शेतकऱ्याच्या हाती नाही. कोणते बियाणे कोणत्या खाचरात पडावे, हे मात्र त्याच्या हाती आहे. येत्या हंगामात प्रत्येक गावात निदान एक चाचणी उभी राहावी, तिची वही नीट लिहिली जावी, आणि तिच्यात वाईट खाचराचा आकडा चांगल्या खाचराइतक्याच काळजीने नोंदवला जावा. अशा वहीवरून निवडलेला वाण चांगल्या वर्षी कणगी भरील आणि वाईट वर्षी ती रिकामी राहू देणार नाही.